लाईट कुठपर्यंत आहे?

माझे मामा वायरमन होते. कळमनुरी तालुक्यातल्या त्यांच्या घरी रात्री फोन वाजला की मामी आधी बॅटरी शोधायची आणि मग मामांना उठवायची. फोनवर मामा कधीच ‘काय झालं?’ असं विचारायचे नाहीत. लाईट गेली, हे समोरचा सांगणारच असतो. मामांचे प्रश्न तीनच. ‘लाईट कुठपर्यंत आहे?’ ‘एकदम गेली का फडफडून गेली?’ ‘तिकडं वारा-पाऊस काही हाय का?’

या तीन उत्तरांवर गाडी कोणत्या रस्त्याला घालायची हे ठरायचं, आणि बहुतेक वेळा बिघाड त्याच रस्त्याला सापडायचा.

लहानपणी मला ही जादू वाटायची. पुढे इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगला गेलो तेव्हा कळलं की मामांच्या पहिल्या प्रश्नावर १९८० च्या दशकात जपान, अमेरिका आणि भारतातले संशोधक डोकं लावून बसले होते. मामांसारख्या माणसाच्या डोक्यात जे असतं ते काढून कॉम्प्युटरमध्ये भरायचं, असा त्यांचा बेत होता. त्या प्रकारच्या प्रोग्रॅमला म्हणायचे एक्स्पर्ट सिस्टिम. आज ‘एआय’ म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे गप्पा मारणारा चॅटबॉट येतो. पण चाळीस वर्षांपूर्वी एआय म्हणजे बऱ्याच अंशी हेच होतं.

हा लेख त्या जुन्या एआयबद्दल आहे आणि मामांबद्दलही. शिवाय मी या दोघांची गाठ घालून द्यायला गेलो, तेव्हा एका रात्री काय झालं, त्याबद्दलही.

शंभर घंट्या एकदम

विजेच्या जाळ्यात बिघाड शोधणं अवघड का असतं, ते आधी पाहू.

तारेवर फांदी पडली, इन्सुलेटर फुटला, की तारेतून एकदम प्रचंड करंट वाहायला लागतो. तो ओळखणारं उपकरण म्हणजे रिले. रिले हुकूम देतो आणि ब्रेकर तार तोडतो. पण रिले किंवा ब्रेकर स्वतःच नादुरुस्त असला तर? म्हणून त्याच्या मागे दुसरा रिले राखणीला बसवलेला असतो. पुढच्याने काम केलं नाही, तर थोडं थांबून मागचा तोडतो. मागच्याने तोडलं की अंधार जास्त भागात पसरतो. म्हणजे जिथे अंधार आहे तिथेच बिघाड आहे, असं नसतं. बिघाड एका गाळ्यात असतो आणि अंधार वीस गावांत.

मोठ्या जाळ्यात हे फारच गुंतागुंतीचं होतं. ९ नोव्हेंबर १९६५ च्या संध्याकाळी अमेरिकेचा ईशान्य भाग आणि कॅनडाचा ओंटारिओ प्रांत अंधारात गेला. सुमारे ३ कोटी लोकांची वीज गेली. नायगाराजवळच्या सर अ‍ॅडम बेक वीज केंद्रातल्या एका रिलेपासून ही साखळी सुरू झाली होती. तारेवरचा भार वाढला होता, पण रिलेची मर्यादा मात्र कमीवर बसवलेली होती. त्याने एक तार तोडली, तिचा भार शेजारच्या तारांवर गेला, त्याही तुटत गेल्या. हा एक रिले शोधून काढायला तज्ज्ञांना काही दिवस लागले.

कंट्रोल रूममध्ये बसलेल्या माणसाला अशा वेळी माहिती कमी पडते असं नाही. उलट ती अंगावर येते. २८ मार्च १९७९ ला अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात अपघात झाला, तेव्हा पहिल्या काही मिनिटांतच शंभराहून जास्त अलार्म वाजले. त्यातला महत्त्वाचा कोणता हे ओळखण्याचा मार्ग ऑपरेटरांकडे नव्हता. एकाच बिघाडाचे शंभर परिणाम शंभर घंट्या वाजवतात, आणि ‘मूळ मी आहे’ असं त्यातली एकही सांगत नाही.

जुना, मुरलेला ऑपरेटर मात्र अशा गोंगाटातून मूळ शोधायचा. म्हणून प्रश्न आला: तो हे कसं करतो? आणि तो रिटायर झाल्यावर काय?

डोक्यातलं कागदावर

एक्स्पर्ट सिस्टिमचा उगम विजेच्या क्षेत्रातला नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठात एडवर्ड फायगेनबॉम, जोशुआ लेडरबर्ग आणि सहकाऱ्यांनी १९६५ साली डेंड्रल नावाचं काम सुरू केलं. रासायनिक रेणूची रचना ओळखणारा तो प्रोग्रॅम होता. १९७० च्या दशकात तिथेच एडवर्ड शॉर्टलिफ यांनी मायसिन तयार केला. हा रक्तातल्या जंतुसंसर्गाचं निदान करून औषध सुचवायचा.

मायसिनची बांधणी समजायला सोपी आहे. त्यात सुमारे ६०० नियम होते. ‘अमुक लक्षण असेल आणि तमुक तपासणी अशी आली असेल, तर हा जंतू असण्याची शक्यता इतकी.’ नियम एका बाजूला, ते जोडून निष्कर्ष काढणारं यंत्र दुसऱ्या बाजूला. डॉक्टर मध्येच ‘हे का विचारतोस?’ असं टाइप करू शकायचे. मग मायसिन आपण कोणता नियम तपासतोय ते दाखवायचा. १९७९ साली मेंदूज्वराच्या रुग्णांवर त्याची परीक्षा घेतली गेली, तेव्हा स्टॅनफर्डच्या तज्ज्ञ डॉक्टरांच्या तोडीस तोड गुण त्याला मिळाले. तरी प्रत्यक्ष वॉर्डात तो कधीच वापरला गेला नाही.

हीच कल्पना विजेच्या लोकांनी उचलली. १९८३ साली मित्सुबिशी इलेक्ट्रिकच्या साकागुची आणि मात्सुमोतो यांनी अंधारात गेलेलं जाळं पुन्हा कसं उभं करायचं, ते सुचवणारी ज्ञानाधारित प्रणाली मांडली. १९८६ साली हिताचीच्या फुकुई आणि कावाकामी यांचा लेख आला. कोणते रिले चालले आणि कोणते ब्रेकर उघडले एवढ्या माहितीवरून बिघाड कोणत्या भागात आहे ते ओळखणारी एक्स्पर्ट सिस्टिम, हा त्याचा विषय. या क्षेत्रातल्या पुढच्या कितीतरी लेखांत त्याचा संदर्भ सापडतो. त्याच काळात अमेरिकेत कार्नेगी मेलन विद्यापीठात सरोश तलुकदार आणि सहकारी ऑपरेटरला मदतनीस ठरेल असा प्रोग्रॅम घडवत होते.

या प्रणाली विचार कसा करायच्या? ‘ब्रेकर उघडला आणि त्याचा मुख्य रिले चालला असेल, तर बिघाड त्या रिलेच्या हद्दीत.’ ‘मागचा रिले चालला, पण पुढच्याने हुकूम देऊनही ब्रेकर उघडला नाही, तर बिघाड पुढे आहे आणि ब्रेकर अडकला आहे.’ एकाच चित्राचे दोन-तीन अर्थ निघत असतील, तर तिन्ही मांडायचे आणि कमीत कमी उपकरणं चुकली असं धरणारा अर्थ वर ठेवायचा.

भारतही मागे नव्हता. १९८६ च्या सुमारास केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने ज्ञानाधारित संगणक प्रणालींचा मोठा प्रकल्प सुरू केला. आयआयटी मद्रास, बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था, मुंबईची एनसीएसटी आणि टीआयएफआर अशा संस्था त्यात होत्या. डिसेंबर १९८९ मध्ये मुंबईत या विषयावर आंतरराष्ट्रीय परिषद भरली.

त्याच वर्षी आमच्याकडे

१९८६ सालीच मामा हेल्पर म्हणून कामाला लागले. तेव्हा हिंगोली जिल्हा नव्हता. तो १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा झाला. हा भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, १९५६ ला मुंबई राज्यात आला आणि १९६० ला महाराष्ट्रात. राज्याचं वीज मंडळही १९६० चंच. पूर्णेवर येलदरीचं धरण आणि जलविद्युत केंद्र झालं, १९७१ साली परळीचं औष्णिक केंद्र सुरू झालं, आणि हळूहळू विहिरींवर मोटरी आल्या.

जपानच्या कंट्रोल रूममध्ये कॉम्प्युटरवर रिलेचे संदेश येत होते तेव्हा मामांच्या उपकेंद्रात काय होतं? एक ऑपरेटर, एक लॉगबुक आणि पॅनेलवर रिलेचे छोटे फ्लॅग. बिघाड झाला की फ्लॅग पडायचा. तेवढाच संदेश. पुढे ११ केव्हीचा फिडर पाच-सात गावं आणि शेकडो मोटरी घेऊन रानातून गेलेला. मामा सांगतात, तेव्हा कधी कधी एसटीच्या ड्रायव्हरकडे चिठ्ठी यायची: ‘काल रात्रीपासून लाईन नाही.’

पण त्या एका फ्लॅगमधून मामा बरंच वाचायचे. झटक्याने तोडणारा फ्लॅग पडला असेल तर करंट फार मोठा होता, म्हणजे बिघाड उपकेंद्राच्या जवळ. थोडं थांबून तोडणारा पडला असेल तर बिघाड लांब, कारण तार जितकी लांब तितका करंट कमी. जमिनीचा फ्लॅग पडला असेल तर तार कुठेतरी खांबाला, झाडाला किंवा मातीला लागलेली. मग लाईन मधोमध एबी स्विचवर तोडायची आणि उपकेंद्राला सांगायचं, चार्ज करा. होल्ड झाली तर बिघाड पलीकडे, नाही झाली तर अलीकडे. मग उरलेल्या अर्ध्याचा अर्धा. कॉम्प्युटर शिकणाऱ्यांना हे ओळखीचं वाटेल. तुम्ही त्याला बायनरी सर्च म्हणता.

माझे नियम

२०१३ साली शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी मी ठरवलं, मामांची एक्स्पर्ट सिस्टिम करायची. ‘नासा’ने १९८५ साली तयार केलेलं क्लिप्स हे साधन फुकट मिळत होतं. वही घेऊन मी मामांसमोर बसलो.

‘सांगा मामा, बिघाड कसा शोधता?’

‘कसा म्हंजे? जाऊन बघतो.’

पहिला दिवस असाच गेला. नंतर कळलं की ही अडचण जगभरच्या लोकांना आली होती. फायगेनबॉम यांनीच म्हटलं होतं की एक्स्पर्ट सिस्टिमचं खरं अडतं ते तज्ज्ञाच्या डोक्यातलं बाहेर काढताना. ज्याला येतं त्याला ते सांगता येत नाही. मग मी प्रश्न बदलला. नियम विचारायचे सोडून प्रसंग विचारायला लागलो, आणि मामा सुटले.

पहिल्या पावसात ट्रिप झाली आणि ऊन पडल्यावर आपोआप होल्ड झाली, तर चीर गेलेला इन्सुलेटर शोध. पहाटे दवात ट्रिप होत असेल तर इन्सुलेटरवर धूळ बसलीय. वाऱ्यात ट्रिप होऊन लगेच होल्ड होते, म्हणजे ढिल्या गाळ्यात तारा एकमेकींना लागतात. मे महिन्यात कारण सापडेना, तर कावळ्याचं घरटं बघ, कावळा काड्यांबरोबर तारेचे तुकडेही आणतो. ऊसतोडीच्या दिवसांत आधी रस्ता ओलांडणारा गाळा बघ, ट्रॉलीवरचा ऊस तारेला लागतो. थ्री फेज आल्या आल्या डीपीचा फ्यूज उडतो, तर डीपीत काही नाही, सगळ्यांच्या मोटरींना ऑटो स्विच लावलेत आणि त्या एकदम सुरू होतात.

असे ६३ नियम झाले. जुन्या लॉगबुकातल्या नोंदी घालून बघितलं तर प्रोग्रॅमचं उत्तर पुष्कळदा बरोबर यायचं. मी खूश होतो.

डिसेंबरात एका संध्याकाळी फोन आला. मामांचे तीन प्रश्न झाले. मी लॅपटॉप उघडून तीच उत्तरं भरली. प्रोग्रॅमने सांगितलं: एबी स्विचच्या पलीकडे, ओढा ओलांडणाऱ्या गाळ्याजवळ, जंपर किंवा इन्सुलेटर. मामा म्हणाले, ‘मला बी तसंच वाटायलंय.’ लाईन बंद असल्याची खात्री उपकेंद्राकडून घेतली, परमिट घेतलं, आणि मी मामांच्या मागे गाडीवर बसलो.

ओढ्याकडे जाण्याऐवजी मामांनी गाडी गावात घातली.

‘कामून मामा? बिघाड तर तिकडंय.’

‘लग्न कुणाकडं हाय आज?’ ते पारावरच्या पोरांना विचारत होते.

लग्नघरी पोचलो. मांडवामागे भाड्याचा जनरेटर चालू होता. त्याची वायर थेट घराच्या बोर्डात खुपसलेली आणि घराचा मेन स्विच मात्र चालूच. मामांनी आधी जनरेटर बंद केला, मेन स्विच पाडला, घरच्यांना शांतपणे समजावून सांगितलं आणि एक माणूस तिथे उभा केला. मगच ओढ्याकडे गेलो. खांबावर चढण्याआधी त्यांनी डिस्चार्ज रॉड तारांना लावला, दोन्ही बाजूंनी अर्थिंग केलं. बिघाड प्रोग्रॅमने सांगितला होता तिथेच होता. तुटलेला जंपर.

घरातला जनरेटर असा जोडला की त्याची वीज उलटी डीपीकडे जाऊ शकते. डीपी ११ हजार व्होल्टचे ४०० करतो, तसाच उलटा चढला की कमी व्होल्टचे हजारो करतो. उपकेंद्रातून बंद असलेली तार गावाकडून जिवंत होते. माझ्या ६३ नियमांत याचा एक शब्द नव्हता. माझं निदान बरोबर होतं आणि त्या निदानावर सरळ खांबावर चढलेला माणूस मेला असता.

परत येताना मामा बोलले. ते हेल्पर लागले तेव्हा ज्यांच्या हाताखाली काम शिकले, ते असेच एका लग्नाच्या रात्री बंद लाईनवर चढले होते. खाली मामा उभे होते.

‘मग मला हा नियम कामून नाही सांगितला?’

‘तू बिघाड कसा शोधता ते विचारलंस,’ मामा म्हणाले. ‘मरायचं कसं नाही, ते कुठं विचारलंस?’

नियम उरतो, कारण जातं

पुढे मला विल्यम क्लान्सी यांचा १९८३ चा लेख सापडला. मायसिनच्या नियमांवरून विद्यार्थ्यांना शिकवता येईल का, हे ते बघत होते. त्यांच्या लक्षात आलं की तसं येत नाही. मायसिनमध्ये एक नियम होता: आठ वर्षांखालच्या मुलाला टेट्रासायक्लिन देऊ नये. का, ते मायसिनला माहीत नव्हतं. त्या औषधाने वाढत्या दातांवर कायमचे डाग पडतात, हे कारण नियम लिहिणाऱ्या डॉक्टरच्या डोक्यातच राहिलं होतं. कारण माहीत नसेल तर नियम कधी मोडायचा हेही कळत नाही. ‘का?’ विचारल्यावर मायसिन पुन्हा नियमच दाखवायचा.

एक्स्पर्ट सिस्टिम मागे पडल्या त्याची इतरही कारणं होती. जाळं रोज बदलतं. नवी तार आली, नवं उपकेंद्र आलं की नियम जुने होतात. डिजिटल इक्विपमेंट या अमेरिकी कंपनीतली एक्सकॉन ही प्रणाली यशस्वी मानली जायची, पण तिचे नियम दहा हजारांच्या घरात गेले आणि ते सांभाळणं हेच मोठं काम होऊन बसलं. १९८७ नंतर या क्षेत्रातला पैसा आटला. संशोधक न्यूरल नेटवर्ककडे वळले. तरी नियमांचा तो विचार मेला नाही. आजच्या डिजिटल रिलेत आणि कंट्रोल रूमच्या अलार्म गाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तो आहे.

पण अडचणही तीच आहे. १४ ऑगस्ट २००३ ला अमेरिका-कॅनडातल्या सुमारे ५ कोटी लोकांची वीज गेली. त्या दिवशी ओहायोतल्या कंट्रोल रूमचं अलार्म सॉफ्टवेअर तासाभराहून जास्त वेळ बंद पडलेलं होतं, आणि घंटा वाजत नाही म्हणजे सगळं ठीक, असं ऑपरेटर धरून चालले होते. ३० जुलै २०१२ च्या पहाटे आपल्याकडे बिना-ग्वाल्हेर ही ४०० केव्हीची तार रिलेने तोडली आणि उत्तर भारत अंधारात गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशी तिन्ही जाळी कोसळली. ६० कोटींहून जास्त लोक त्या भागात राहत होते. तारेत बिघाड नव्हताच. भार फार वाढला होता आणि रिलेला तो लांबच्या बिघाडासारखा दिसला. रिलेने नियम पाळला. नियम कशासाठी आहे, हे त्याला माहीत असण्याचा प्रश्नच नव्हता.

आता नव्या एआयला लाखो नोंदी दाखवून बिघाड ओळखायला शिकवतात. आमच्याच जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडियाची वेधशाळा होणार आहे. गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या अशा यंत्रांच्या नोंदींत खोटे धक्के फार येतात, आणि ते ओळखायला २०१६ पासून ‘ग्रॅव्हिटी स्पाय’ प्रकल्पात सामान्य माणसं आणि संगणक मिळून काम करतात. माणूस अजून मध्ये आहे, ही मला चांगली गोष्ट वाटते.

चौथा प्रश्न

प्रोजेक्ट मी पुन्हा लिहिला. नियमांच्या तक्त्यात एक रकाना वाढवला: ‘हे कशावरून कळलं?’ मामा एकेक सांगत गेले. कावळ्याच्या घरट्यासमोर एक साल आलं. ऑटो स्विचसमोर तीन जळालेल्या डीपी आल्या. काही रकाने मामांनी कोरे ठेवायला सांगितले. जनरेटरचा नियम त्यांनी पहिल्या क्रमांकावर घ्यायला लावला आणि पुढच्या रकान्यात त्यांच्या गुरूंचं नाव लिहायला सांगितलं. ते नाव मी इथे लिहीत नाही.

परीक्षकांनी विचारलं, हा रकाना प्रोग्रॅम वापरतो का? मी म्हणालो, नाही, तो माणसांसाठी आहे. मार्क ठीकठाक पडले.

मामा रिटायर झाले त्यालाही आता काही वर्षं झाली. गावात जनरेटर होतेच, आता घरोघर इन्व्हर्टर आले, छपरांवर सोलर आलं. नीट बसवलेली सोलर यंत्रणा लाईन गेली की स्वतःहून जाळ्यापासून सुटते, तसा नियमच आहे. पण जुगाड करून जोडलेली वायर नियम पाळत नाही. पूर्वी लाईट एकाच बाजूने यायची. आता ती कुठूनही येऊ शकते.

गेल्या दिवाळीत मी मामांकडे होतो. रात्री फोन वाजला. नवा लागलेला पोरगा होता. फिडर होल्ड होईना म्हणून त्याला मामांचं डोकं हवं होतं. मामांनी अंथरुणातूनच विचारलं, ‘लाईट कुठपर्यंत आहे?’ मग दुसरा प्रश्न, मग तिसरा. दिशा सांगून झाली. पोरगा फोन ठेवायला निघाला असावा, कारण मामा एकदम जोरात म्हणाले, ‘थांब, थांब. गावात जनरेटर कुणाकडं चालू हाय, ते बघून ये आधी. मी फोन धरून हाय.’

आणि ते खरंच फोन धरून बसले. मामीने बॅटरी परत जागेवर ठेवली, पाणी आणून दिलं. बऱ्याच वेळाने पलीकडून आवाज आला. मामांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘हां. आता जा.’